मॉन्ट्रियलचे गरमागरम बेगेल

बेळगावला येऊन कुंदा न खाता परतणारा पाहुणा विरळा, तसाच मॉन्ट्रियलला जाऊन बेगेल न खाणाराही विरळाच. कॅनडातील या शहरी माझी पुतणी राहते. सुट्टीत तिच्याकडे गेलो, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी तिने आम्हाला माईल एंड या जुन्या वस्तीत नेले.

तेथे हाकेच्या अंतरावर दोन प्रसिद्ध बेकऱ्या आहेत. फेअरमाउंट आपली परंपरा १९१९ पासूनची सांगते. सेंट व्हिएटर १९५७ ची. तिचे संस्थापक मायर लेव्कोविच हे नाझी छळछावणीतून वाचलेले ज्यू गृहस्थ.

बेगेल म्हणजे मैद्याचे कडे. कारागीर कणकेची वळकटी हातानेच वळून टोके जुळवतो. ती कडी आधी मध घातलेल्या उकळत्या पाण्यात सोडतात, मग तीळ लावून, लांब फळीवरून लाकडाच्या भट्टीत सरकवतात. पाण्यातल्या या आंघोळीमुळेच वरचे कवच चकचकीत आणि आतला भाग चिवट-मऊ होतो. न्यूयॉर्कच्या बेगेलपेक्षा हा लहान, गोडसर आणि मोठ्या भोकाचा.

पिशवी हातात घेताच पुतणी म्हणाली, "काका, बिसी बिसी आहे, जपून!" हजारो मैलांवर तो शब्द ऐकून घर आठवले. पहिला घास तसाच, लोण्याशिवाय खाल्ला. भाजलेल्या तिळाचा खमंग वास आणि मधाची पुसटशी गोडी!

बेगेल हे नाव यिद्दिश भाषेतले. पोलंडमधील क्राकोव्हच्या ज्यू समाजाच्या १६१० च्या नियमांत बेगेलचा उल्लेख सापडतो. नावाचे मूळ कडे या अर्थाच्या जुन्या जर्मन शब्दात असल्याचे मानतात. गोव्याचा पोदेरही बांगडीच्या आकाराच्या पावाला कांकणच म्हणतो की!

मॉन्ट्रियलही आपल्यासारखेच दुभाषी. दुकानदार 'बाँजूर-हाय' असे फ्रेंच-इंग्रजीत एका दमात स्वागत करतात. क्वेबेकच्या विधानसभेने मात्र २०१७ मध्ये फक्त 'बाँजूर' म्हणावे, असा ठरावच केला. १९७७ च्या कायद्याने पाट्यांवरूनही तेथे बरेच वाद झाले. हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

पुतणीचा पाच वर्षांचा मुलगा शाळेत फ्रेंच आणि खेळताना इंग्रजी बोलतो. मराठी त्याला कळते, पण उत्तर फ्रेंचमध्ये येते. "याच्यापाशी मराठी टिकेल का हो?" तिने विचारले. तेवढ्यात काळा कोट घातलेले एक गृहस्थ आपल्या लहानग्याशी काहीतरी बोलत गेले. "ही यिद्दिश," ती म्हणाली. तिच्या पाठीशी ना प्रांत, ना सरकार. तरी या गल्लीतल्या हसिदी कुटुंबांत ती रोज बोलली जाते.

मी तिला एवढेच सांगितले, "तो फ्रेंचमध्ये उत्तर देऊ दे. तू मात्र मराठीतच विचारत राहा." सीमेवरच्या आपल्या घरांनाही, भाषा मराठी असो वा कन्नड, हेच लागू पडते, नाही का?