पावसाचा आवाज

मराठवाड्याच्या माणसाने पावसाला शिव्या द्याव्यात, याहून मोठी कृतघ्नता नाही. मी ती केली आहे!

२०२३ च्या ऑगस्टात आम्ही उभयतां पोर्ट ब्लेअरला (आजचे श्रीविजयपुरम) गेलो होतो. तीन दिवस धो धो पाऊस. रॉस बेटाची बोट रद्द. १९०६ साली पुऱ्या झालेल्या सेल्युलर जेलच्या कोठड्यांपुढे अडकून मी चरफडत होतो, तोच छत्रपती संभाजीनगरहून आईचा फोन आला.

"पाऊस आहे का रे तिकडं?"

"आहे ना! नुसता वैताग!"

ती क्षणभर गप्प झाली. "इकडं किती दिवसांत थेंब नाही. जरा आवाज तरी ऐकव."

अंदमानात वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस, आमच्याकडे जेमतेम ७००.

मी मुकाट्याने फोन पागोळ्यांजवळ धरला. बाही भिजली, तरी हात मागे घ्यावासा वाटला नाही.