कुंभकर्णाचा कान

कुंभकर्णास उठविण्यासाठी रावणाला नगारे, शंख आणि हत्ती एवढा सरंजाम लागला. निजलेल्या संगणकास अवघे १०२ बाइट पुरतात. आरंभी ६ बाइटांची ठरावीक खूण, आणि मागोमाग त्याच्या नेटवर्क कार्डाचा ६ बाइटांचा पत्ता १६ वेळा! एएमडीने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या या हाकेस ‘मॅजिक पॅकेट’ असे साजेसे नाव आहे.

परंतु हाक ऐकावयास कान तरी उघडा हवा! भडगावच्या आमच्या घरी नेमकी हीच अडचण होती. कार्डास ही विद्या अवगत होती. पण त्यास चालविणारा ड्रायव्हर निजतेवेळी कार्डाचीही वीज तोडी. मी पुण्याहून शेतीचे हिशेब पाहू म्हटले, की सत्तरी उलटलेल्या आईला कळ दाबावयास माडी चढावी लागे. म्हणून ड्रायव्हरमध्ये मी थोडी भर घातली : निजण्यापूर्वी कार्डास हाकेची वाट पाहावयास सांगावयाचे, आणि त्याच्यापुरती वीज राखावयाची.

आता घरच्या सदा जाग्या राउटरमार्फत हाक जाते, आणि गिरणाकाठचा कुंभकर्ण उठतो. मात्र गावची वीज गेली, की तो कानही मिटतो. वीज परतल्यावर कोणी एकदा कळ दाबीपर्यंत सारी हाकाटी व्यर्थ!

त्या दिवशी आई माडी चढते आणि फोनवर सांगते, “उठवला बरं का तुझा कुंभकर्ण!” मग तासभर बोलणे होते. एरवी तिच्या गुडघ्यांस विश्रांती मिळाली. पण फोनचे निमित्तही गेले. तेव्हापासून मी निमित्तावाचूनच फोन करू लागलो आहे.