गंगेवरचा बुधवार आणि ताटातला भाव

नाशिककर गोदावरीला गोदावरी क्वचितच म्हणतात. आमच्या बोलण्यात ती गंगाच, आणि घाटावर जाणे म्हणजे गंगेवर जाणे. या गंगेवर दर बुधवारी आठवडे बाजार भरतो. एरवी भाविकांचा असलेला हा परिसर त्या दिवशी गृहिणींचा, निवृत्तांचा आणि आसपासच्या खेड्यांतून भाजी घेऊन आलेल्या शेतकऱ्यांचा होतो. जवळच दुतोंड्या मारुती उभा असतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की पूर त्याच्या कमरेपर्यंत आला की छातीपर्यंत, यावरून सारे शहर पुराचा अंदाज घेते. पाणी चढू लागले की बाजारही आपली पथारी उचलून वर सरकतो.

वाचकहो, आरोग्याच्या पाक्षिकात बाजाराचे वर्णन कशाला, असे आपल्याला वाटेल. कारण असे की, महागाई वाढली म्हणजे तिचा परिणाम किराणा दुकानाच्या पावतीच्या आधी माझ्या दवाखान्यातल्या वजनकाट्यावर दिसतो. निवृत्तिवेतनावर किंवा ठेवीच्या व्याजावर जगणारी वृद्ध जोडपी खर्चाला कात्री लावतात, आणि ती कात्री नेमकी चुकीच्या जागी लागते. डाळ पातळ होते, दूध अर्ध्या लिटरवर येते, फळे केवळ उपवासापुरती उरतात. चहा, साखर, बिस्किटे आणि तेल मात्र पूर्वीइतकेच येत राहते, कारण त्यांची सवय मोडत नाही. काही महिन्यांनी पायांतले बळ कमी झाल्याची तक्रार येते, जिना चढवत नाही, तोल जातो. त्या अशक्तपणाला वय हे कारण सांगितले जाते. पुष्कळदा खरे कारण वाणसामानाच्या यादीत असते.

म्हणून काटकसर करावीच. पण ती ताटातून करू नये, बाजारातून करावी. त्यासाठी एकच माप लक्षात ठेवावे : दुकानातला भाव हा खरा भाव नव्हे. वस्तू निवडून, साफ करून, शिजून ताटात पोचली आणि खाल्ली गेली, तेव्हा ती कितीला पडली, तो खरा भाव. या मापाने नाशिकचा जुना बाजार पाहू.

प्रारंभ रविवार कारंजावरून करावा. चांदीच्या गणपतीला नमस्कार करून आसपासच्या किराणा पेढ्यांकडे वळावे. येथे एकाच फेरीत तीन-चार दुकाने सहज पाहता येतात, आणि एकाच डाळीच्या भावातला फरक लगेच कळतो. डाळ मुठीत घेऊन पाहावी, खडा व किडका दाणा किती निघतो ते पाहावे. पाकीटबंद माल घेताना मोठ्या अक्षरांतल्या सवलतीकडे न पाहता बारीक अक्षरांकडे पाहावे. हल्ली पाकिटावर एकूण किमतीबरोबर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दरही छापलेला असतो. मोठे पाकीट नेहमी स्वस्तच पडते असे नाही, हे तो आकडा सांगतो. चष्मा बरोबर न्यावा. अनेकांची फसगत दुकानदार करीत नाही, विसरलेला चष्मा करतो.

येथे थोडे गणित करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत सुमारे २००० कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये (किंवा त्याऐवजी अंडी, मासे, मांस) असा नमुना दिला आहे. दोन माणसांच्या घराला महिन्याला तेल-तूप झाले सुमारे १.६ किलो, आणि डाळी-कडधान्ये सुमारे ५ किलो. उतारवयात भूक बेताची असते; तेव्हा हे आकडे थोडे कमी धरले तरी त्यांचे परस्परप्रमाण पाहावे. म्हणजे पाच लिटर तेलाचा डबा दोघांना अडीच ते तीन महिने पुरायला हवा. आपली यादी काढून पाहा. तेल चार किलो आणि डाळ दोन किलो असे उलटे प्रमाण आढळले, तर बचत कोठे करायची याचे उत्तर हातात आले. तेलाचा निम्मा खर्च वाचवून तो डाळीवर घालता येतो. त्यात पैसाही वाचतो आणि हृदयही.

तूर महाग झाली की घाबरण्याचे कारण नाही. मसूर, मूग, हरभरा, मटकी यांतही शंभर ग्रॅममागे साधारण वीस ते चोवीस ग्रॅम प्रथिने असतात. त्या आठवड्यात जी स्वस्त, ती घ्यावी. भाताची कणी अखंड तांदळापेक्षा कमी भावात मिळते आणि तिचा मऊ भात दात नसलेल्यांना सोयीचा पडतो. पोषणात उणे काही नाही.

रविवार कारंजावरून होळकर पुलाच्या दिशेने रस्ता उतरू लागतो. जुने नाशिक टेकड्यांवर वसलेले. येथे चढउतार टळत नाहीत. बुधवार असेल तर घाटावर उतरावे, इतर दिवशी पंचवटीच्या बाजूची गणेशवाडी किंवा गावातली भद्रकालीची मंडई आहेच. आठवडे बाजारात सकाळी माल ताजा आणि भाव चढा असतो. सायंकाळी बाजार उठू लागला की वाटे मोठे होतात आणि भाव उतरतो. दोघांच्या घराने मात्र या उतरत्या भावाला भुलू नये. दहा रुपयांत मेथीच्या तीन जुड्या मिळाल्या आणि दोन सडल्या, तर एक जुडी दहा रुपयांना पडली.

ऋतू ओळखणे ही खरी स्वस्ताई. थंडीत मेथी, पालक, गाजर, मटार; पावसाळ्यानंतर टोमॅटो, ज्याचे ढीग पिंपळगाव बसवंतच्या बाजारात लागतात; माघ-फाल्गुनात द्राक्षे. निर्यातीच्या पेटीतून बाजूला काढलेले सुटे मणी हातगाडीवर कमी भावात मिळतात. आकाराने डावे, गुणाने नव्हे. ती घरी भरपूर पाण्यात नीट धुऊन घ्यावीत, आणि मधुमेह असेल तर मूठभरच खावीत.

घाटावर किंवा मंडईत पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतली नागली मिळाली तर अवश्य घ्यावी. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गव्हात त्याच्या एक दशांशाच्या जवळपास. हाडे ठिसूळ होण्याच्या वयात आठवड्यातून तीन-चार वेळा नागलीची भाकरी किंवा आंबील हा महागड्या डब्यातल्या भुकटीपेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे. नागलीचा पापड मात्र या हिशेबात धरू नये. त्यातले मीठ आणि पापडखार रक्तदाबाला मानवत नाहीत.

कांद्याविषयी नाशिककराला सांगणे धाडसाचे आहे, तरी सांगतो. खरिपातला लाल कांदा टिकत नाही; तो आठवड्यापुरता घ्यावा. चैत्र-वैशाखात येणारा उन्हाळ कांदा मात्र हवेशीर जागी पसरून ठेवला तर दिवाळीच्या आसपासपर्यंत राहतो. लासलगावला भाव उतरले अशी बातमी आली की एक गोणी आणून शेजारच्या चार घरांनी वाटून घ्यावी.

काटकसर कोठे थांबवावी, हेही सांगणे माझे कर्तव्य आहे. बुरशी आलेले शेंगदाणे धुऊन-भाजून वापरू नयेत. बुरशीचे विष भाजण्याने पुरते जात नाही आणि ते यकृताला घातक असते. हिरवे पडलेले, कोंब आलेले बटाटे आणि चवीला कडू लागणारा दुधी टाकून द्यावा. सुटे तेल घेऊ नये. अन्नसुरक्षेच्या नियमांनी त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे ती भेसळीच्या भयाने. आणखी एक गोष्ट : वॉरफेरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर पालेभाजी स्वस्त झाली म्हणून एकदम रोज खाऊ नये, प्रमाण दर आठवड्याला सारखे ठेवावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डाळी आणि फळांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आता या फेरीचे शरीराच्या बाजूने गणित. बाजार उतरणीला करावा आणि परतीचा चढ ओझ्यासह चढू नये. घाटावरून रिक्षा करावी. तिचे भाडे बचतीतून वजा करावे आणि तरीही काही उरत असेल तरच लांब जावे. दोन किलो टोमॅटोमागे दहा रुपये वाचवण्यासाठी रिक्षाला साठ देणे ही करमणूक झाली, काटकसर नव्हे. ओझे दोन पिशव्यांत सारखे वाटावे, किंवा चाकांची पिशवी न्यावी. मधुमेहींनी खाऊन निघावे आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. उन्हाळ्यात दहाच्या आत घरी परतावे. आणि पिशवी घेऊन चढ चढताना छातीवर दडपण आले, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, तर ते श्रमाचे दुखणे समजून सोडून देऊ नये. थांबून बसावे. दुखणे काही मिनिटांत ओसरले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ओसरले नाही तर तडक रुग्णालय गाठावे. हृदयविकार पुष्कळदा पहिली वर्दी बाजाराच्या वाटेवरच देतो.

वृद्धांची काळजी घेणाऱ्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना एक विनंती. मोबाइलवरून सारे सामान दारात येते म्हणून आईबाबांचा बाजार बंद करू नका. चार भाव लक्षात ठेवणे, घासाघीस करणे, सुटे पैसे मोजणे, ओळखीच्या भाजीवालीशी दोन शब्द बोलणे यांत पायांचा, बुद्धीचा आणि मनाचा असा तिहेरी व्यायाम आहे. त्यांच्याबरोबर चला, पिशवी आपण धरा, हिशेब त्यांना करू द्या. तो हिशेब ऐकतही राहा. आयुष्यभर पै-पैचा हिशेब चोख ठेवणारी व्यक्ती सुट्या पैशांत गोंधळू लागली, हळदीची पाकिटे घरात असताना पुन्हा पुन्हा तीच आणू लागली, नेहमीच्या गल्लीत वाट चुकली, तर रागावू नका, हसूही नका. स्मृतिभ्रंशाची चिन्हे अनेकदा आधी बाजारहाटात दिसतात. लवकर तपासले तर थायरॉइड, जीवनसत्त्व ब-१२ची कमतरता किंवा खिन्नता अशी उपचार होऊ शकणारी कारणेही सापडतात.

ज्यांना चालणे शक्य नाही, त्यांनी शेजाऱ्यांशी जोडून घ्यावे. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५पासून हेच केले : शेजारच्या कुटुंबांचा एक संघ, सर्वांची एकत्र मागणी, महिन्याचे सामान एकदम आणि वाटप आपसांत. आपल्या इमारतीतली पाच घरेही एवढे करू शकतात. एकजण बुधवारी गंगेवर जाईल, दुसरा रविवार कारंजावर. एकाच्या रिक्षात पाच घरांची भाजी येईल. आणि वाटून घेण्यासाठी दार उघडेल, तेव्हा एकट्या राहणाऱ्या आजींची विचारपूसही होईल.

या महिन्याची यादी करताना कागदाच्या मधोमध रेघ ओढा. डावीकडे अंगाला लागणारे, उजवीकडे केवळ जिभेला लागणारे. कात्री उजवीकडून चालवा. डावीकडच्या वस्तूंना कात्री लावण्याची वेळ आली, तर आधी दुकान बदला, मग ऋतूची भाजी बदला, मग डाळ बदला. डाळीचे माप मात्र कमी करू नका.