ताशी तीनशेचा टायर आणि वैरागचा रस्ता

वैरागमध्ये टायरचं दुकान म्हटलं की दारात खांद्याएवढं उंच ट्रॅक्टरचं मागचं चाक उभं असतं. आत ट्रॉलीचे, पिकअपचे, मोटारसायकलचे टायर रचलेले. तिथे जाऊन सतरा इंची, २२५ रुंदीचा, पंचावन्न प्रोफाइलचा टायर मागितला, की दुकानदार आधी आपल्याकडे बघतो, मग बाहेर उभ्या गाडीकडे बघतो आणि म्हणतो, "सोलापूरला बघा वकीलसाहेब. न्हायतर मग पुण्यालाच."

गाडी पुण्याहूनच आली होती. जुनी, पण जर्मन. २०२५च्या उन्हाळ्यात घेतली. मी बार्शीच्या कोर्टात वकिली करतो, बायको सोलापूरला कॉलेजात शिकवते. दोघांच्या दोन दिशा आणि मधे वैराग. गाडी जास्त चालवते ती बायको, आणि गाडीवर जास्त बोलतो तो मी. घेताना टायरची नक्षी चांगली खोल दिसली होती. हवा मारायला गावातल्या पंक्चरवाल्या चाचांकडे नेली, तर ते टायरला हात न लावता नुसते उकिडवे बसले आणि बाजूवरची अक्षरं वाचू लागले.

"साहेब, नक्षी काय बघताय? जन्मतारीख बघा."

डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ टायरच्या बाजूवर कोरलेली असते. तिच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर होतं २२१८. म्हणजे २०१८चा बाविसावा आठवडा, मे संपता संपता. सात वर्षांचं रबर. चाचांनी अंगठ्याचं नख रुतवून दाखवलं, रुतलंच नाही. नक्षीच्या खोबणीत बारीक तडे होते. टायर झिजून मरतो तसा नुसता उभ्या उभ्याही मरतो, आणि दुसऱ्या प्रकारचं मरण वरून दिसत नाही. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. वयाबद्दल कायदा आमच्यासारख्या गाडीवाल्यांना काही विचारत नाही.

मग शोध सुरू झाला. पुतण्या पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. त्याचं मत पहिल्या दिवसापासून ठाम. "काका, ऑल-सीझन परफॉर्मन्स टायर घ्या. सगळ्या ऋतूंना एकच. अमेरिकेत लक्झरी सेडानला तेच घालतात." ऐकायला छानच वाटलं. सगळे ऋतू आणि वर परफॉर्मन्स, याला नाही कोण म्हणेल? पण वकिलाला पक्षकाराची बाजू ऐकून झोप लागत नाही, कागद वाचावे लागतात.

कागद वाचले तेव्हा कळलं ते असं. युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत उन्हाळी टायर आणि हिवाळी टायर असे दोन वेगळे संच लागतात. तापमान साधारण सात अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर ताठरतं, पकड सोडतं. हिवाळी टायरचं रबर त्या थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत ब्लेडने मारल्यासारखे असंख्य बारीक काप असतात, बर्फात रुतायला. ऑल-सीझन ही त्या दोघांमधली तडजोड. बाजूवर 'एम' आणि 'एस' ही अक्षरं असतात, चिखल आणि बर्फ यांची. बर्फावरची ठरलेली चाचणी पार केलेल्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण काढलेला असतो. मिशेलिनने २०१५ साली युरोपात क्रॉसक्लायमेट आणला तो याच जातीचा, आणि तो खरोखर उत्तम टायर आहे असं जाणकार सांगतात. असेलही. पण हा टायर ज्या गुन्ह्यात जामीन मिळवून देतो, तो गुन्हा बार्शी तालुक्यात कधी दाखलच होत नाही. आमच्याकडे पौषातल्या पहाटेही पारा दहाच्या खाली क्वचितच उतरतो. उलट मऊ रबर आणि ते बारीक काप मे महिन्यातल्या डांबरावर लवकर झिजणार. हवा बेचाळीस अंशांवर असते तेव्हा काळं डांबर साठीच्या पुढे गेलेलं असतं. त्यात जून २०२०मध्ये सरकारने टायरची आयात 'मुक्त' यादीतून 'निर्बंधित' यादीत टाकल्यापासून असले टायर मागवणं हा वेगळाच उद्योग झालेला.

आमचे ऋतू निराळे आहेत. उन्हाळ्याचं सांगितलंच. त्यावर आमच्याकडचा उपाय म्हणजे "उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, टायर फुटतो." हे मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि ते नेमकं उलटं आहे. तापमान साडेपाच-सहा अंशांनी वाढलं की हवेचा दाब एक पीएसआयने वाढतो, हे टायर बनवणाऱ्याला ठाऊकच असतं. तो थंड टायरसाठी आकडा देतो, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर तो छापलेला असतो. हवा कमी ठेवली तर बाजू जास्त लवते, लवून तापते, आणि तापून फुटते. दुपारी गरम टायरमधली हवा सोडून देणारे लोक मी पंपावर बघतो तेव्हा तोंड आवरावं लागतं.

दुसरा ऋतू पहिल्या पावसाचा. चार महिने साचलेली धूळ, डिझेल, तेल, आणि त्यावर मृगाच्या चार सरी. मुसळधार पाऊस रस्ता धुऊन टाकतो. खरा धोका असतो त्या पहिल्या अर्ध्या तासात. सोलापूर जिल्ह्यात पाऊस मोजकाच, त्यामुळे असे पहिले अर्धे तास वर्षात अनेकदा येतात.

आणि तिसरा ऋतू उसाचा. याबद्दल कुठलाही टायर कंपनीवाला अवाक्षर काढत नाही. दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटली, की डबल ट्रॉल्या रस्त्यावर येतात, ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावून, मागे दिवा असला तर असला. उसाच्या फडातून निघालेल्या ट्रॉलीच्या चाकाला काळी माती चिकटलेली असते. ती डांबरावर गळत गळत जाते. दव पडलं की त्या मातीचं लोणी होतं, आणि पहाटे वळणावर गाडीचं मागचं अंग हलकेच बाजूला सरकतं. सोबत पडलेलं पाचट. सुगीत रस्त्यावरच मळणीला पसरलेलं सोयाबीन आणि तूर. शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी ज्वारी देशभर पोचली, पण तिची कणसं अजून आमच्या डांबरावरच मळली जातात. बैलगाड्याही असतात अजून, आणि बैलाच्या नालेचा निखळून पडलेला खिळा ही तर पंक्चरवाल्यांची हंगामी पेन्शन. वेड्या बाभळीचा काटा बारमाही.

म्हणून मी ठरवलं, की परफॉर्मन्स मोजायचा तो एकाच गोष्टीवर: ओल्या, घाणेरड्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबते. २०२२ साली केंद्र सरकारने कारच्या टायरला ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज आणि रस्त्यावर घरंगळताना होणारा अवरोध, या तिन्हींच्या किमान अटी घातल्या. चांगलं केलं. पण त्यातून पास-नापास कळतं, गुण कळत नाहीत. युरोपात टायरवर लेबल असतं, ओल्या पकडीला 'ए'पासून 'ई'पर्यंत श्रेणी. मी तिथली लेबलं चाळली, मात्र तिथलं नाव इथे असलं म्हणून रबरही तेच असेल असं नाही. अमेरिकी पद्धतीची जी श्रेणी आपल्याकडच्या बऱ्याच टायरवर कोरलेली असते, तिच्यातला 'ट्रॅक्शन'चा शेरा फक्त ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारून काढलेला असतो, वळणाचा त्यात हिशेबच नाही. झिजेचा आकडा तर कंपनी स्वतःच जाहीर करते. तरी उष्णतेची श्रेणी मी 'ए'खाली घ्यायची नाही असं ठरवलं.

खरा वाद पेटला तो रनफ्लॅटवर. आधीचे चारही टायर रनफ्लॅट होते. त्यांच्या बाजू इतक्या जाड आणि कडक असतात, की हवा पूर्ण गेली तरी ताशी ऐंशीच्या आत साधारण ऐंशी किलोमीटर गाडी चालते. बायकोला हे फार पटलेलं. "वैराग ते बार्शी वीस-बावीस किलोमीटर, सोलापूर त्याच्या दुप्पट. कुठेही पंक्चर झालं तरी मी घरी पोचते. रात्री सोलापूरहून येताना वडाळ्याच्या पुढे एकटी उतरून जॅक लावत बसू का मी?" या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

माझी बाजू खड्ड्यांची होती. सप्टेंबर २०२५च्या अखेरीस सीना नदीला महापूर आला, आणि जिल्ह्यातल्या रस्त्यांचं जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. पुलांची तोंडं खचली, डांबराखालची खडी वर आली. कडक बाजूचा टायर असा घाव स्वतः घेत नाही, रिमला देतो, आणि रिममधून आपल्या मणक्याला. शिवाय चाचा म्हणाले, "बाहेरून दोरी घालून देईन मी. पण हवा नसताना किती पळालाय ते आतून बघितल्याशिवाय कसं सांगू? आणि याचा काठ माझ्या मशीनवर उतरत न्हाय." किमतीचाही भाग होताच. एका रनफ्लॅटच्या पैशात साधे दीड टायर येत होते.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत टायरवर एवढा खल करायची लाज वाटत होती. शिवारातली माती वाहून गेलेली माणसं पंचनाम्याचे कागद घेऊन माझ्याकडे येत होती, आणि संध्याकाळी मी रबराच्या श्रेणी वाचत बसे. २२ सप्टेंबरपासून जीएसटी कमी झाला होता. कारचा टायर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला, ट्रॅक्टरचा अठरावरून पाचवर. ट्रॅक्टरवाल्यांसाठी बरंच झालं म्हणायचं, पण त्या आठवड्यात ज्यांचे ट्रॅक्टरच पाण्यात होते त्यांना ते काय सांगणार?

पुतण्याने शेवटची एक सूचना केली: अठरा इंची रिम, २४५ रुंद, पंचेचाळीस प्रोफाइल. दिसतं भारी. मी कागदावर गुणाकार केला. २२५चे पंचावन्न टक्के म्हणजे जवळजवळ १२४ मिलिमीटर उंचीची बाजू. २४५चे पंचेचाळीस टक्के म्हणजे ११०. खड्डा आणि रिम यांच्यामधलं जवळजवळ दीड सेंटिमीटर रबर मी दिसण्यापायी देणार नव्हतो.

सोलापूरच्या दुकानात गेलो तेव्हा यादी छोटी झालेली होती. जुनाच आकार, रनफ्लॅट नको, वजनाचा निर्देशांक ९७ म्हणजे एका टायरला ७३० किलो, त्याखाली नाही. वेगाचं अक्षर मूळच्या टायरवर 'वाय' होतं, ताशी तीनशे किलोमीटर. वैराग-बार्शी रस्त्यावर ताशी तीनशे! गावाच्या तोंडाशीच गतिरोधक आहेत, साठ गाठली तरी पोट हलतं. पण दुकानदाराने एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. वेगाची श्रेणी मोठी म्हणजे टायरची उष्णता सोसायची ताकद मोठी, म्हणून फार खाली उतरू नका. 'डब्ल्यू' घेतला, ताशी दोनशे सत्तरचा. स्पोर्टी म्हणवणारा नाही. लांब पल्ल्याचा, शांत, चार रुंद खोबणी असलेला. चारही टायरची जन्मतारीख त्याच वर्षातली आहे हे बघूनच पैसे मोजले. एकावर आदल्या वर्षीचा आकडा निघाला, तो बदलून आणायला लावला. दुकानदार कुरकुरला. नायट्रोजन भरू का, असंही विचारलं त्याने. साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो म्हटल्यावर हसला आणि साधीच भरली.

फरक पहिल्याच खड्ड्यात कळला. पूर्वी जिथे धाड असा आवाज यायचा, तिथे आता नुसता धप्प. स्टिअरिंग मात्र किंचित सैल झालं. आधीची ती सरळसोट तत्परता गेली, हे मान्य करायला हवं. डिसेंबरात पहाटे एका बिनदिव्याच्या ट्रॉलीमागे, काळ्या मातीच्या राड्यात जोरात ब्रेक दाबावा लागला. गाडी सरळ थांबली. जुने चार रनफ्लॅट शेजारच्या म्हशीवाल्याने मागून नेले. मुरघासाच्या खड्ड्यावरचा प्लास्टिकचा कागद उडू नये म्हणून आता ते कागदावर आडवे पडलेत, आणि त्या कामाला त्यांच्या कडक बाजू फार उपयोगी आहेत असं तो म्हणतो.

अपेक्षेप्रमाणे नालेचा खिळाही घुसला. नशिबाने दिवसा, गावातच. चाचांनी टायर उतरवून, आतून पॅच लावून तेवढ्याच वेळात परत चढवला जेवढ्या वेळात माझा चहा झाला. मी घरी येऊन हे जरा जास्तच रंगवून सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं. डिकीत आता स्टेपनी आहे, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आहे, टायरचा दाब दाखवणारं यंत्र डॅशबोर्डवर आहे. ती म्हणाली, "हा खिळा रात्री नऊला वडाळ्यापाशी घुसला असता तर चाचा आले असते का?" पुढचा संच घ्यायची वेळ येईल तेव्हा टायर ती निवडणार आणि मी फक्त पैसे देणार, असं ठरलं आहे.