किल्ली कोणाकडे?

शाळेसाठी मदत मागायला बसलेले गुरुजी पहिल्या परिच्छेदात हमखास डोंगरदऱ्या आणि वंचित मुलं आणतात. तो परिच्छेद मी खोडते. जिल्हा परिषदेच्या शाळांचे असे प्रस्ताव लिहून देणं, लिहिलेले दुरुस्त करणं हे माझं काम. देणगी देणाऱ्या ट्रस्टच्या टेबलावर जो गठ्ठा पडतो त्यातली प्रत्येक शाळा दुर्गम असते आणि प्रत्येक मूल वंचित. त्यावरून वाचणाऱ्याला निवड करता येत नाही. माझा साधा नियम आहे : मुलांबद्दल तेवढंच लिहायचं, जे मुलांसमोर मोठ्यानं वाचता येईल.

मग मी विचारते, तुम्ही मागताय ती गणित पेटी, तो सूक्ष्मदर्शक कोणत्या वाराला, कोणत्या तासाला बाहेर निघणार? कपाटाची किल्ली कोणाकडे? उत्तर ठरलेलं असतं, मुख्याध्यापकांकडे. आणि मुख्याध्यापक केंद्राच्या बैठकीला नाहीतर मतदारयादीच्या कामाला गेलेले.

यावर शिक्षकांना आळशी म्हणून मोकळं होणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. सगळ्यात घट्ट कुलूप मी सगळ्यात प्रामाणिक गुरुजींच्या कपाटाला पाहिलं आहे. देणगीत आलेली वस्तू डेडस्टॉक, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या, रजिस्टरला चढते. बदली झाली की चार्ज देताना रजिस्टर आणि कपाट ताडून बघतात. फुटलेलं भिंग निर्लेखन करून रजिस्टरातून काढायचं तर प्रस्ताव, मंजुरी, पुन्हा नोंद. एवढं करण्यापेक्षा भिंग खोक्यातच ठेवलेलं बरं, असा कोणीही शहाणा माणूस विचार करील. मुलांच्या हाताला वस्तू लागू नये अशी इच्छा कोणाचीच नसते. हिशेबाची रीतच तशी आहे.

म्हणून प्रस्तावातलं माझं खरं लेखन अंदाजपत्रकात होतं. पत्र कोणीही लिहील. यादीचे मी दोन भाग पाडते. कपाट, टेबल, सूक्ष्मदर्शक एका बाजूला. चुंबक, भिंगं, परीक्षानळ्या, बल्ब, तारा, प्लास्टिकचे ठोकळे दुसऱ्या बाजूला, आणि त्यांच्यावर ठळक अक्षरात ‘वापरून संपणारं साहित्य’. अशा वस्तू खडूसारख्या खर्ची पडतात, त्यांची नोंद वेगळी होते, आणि गुरुजींच्या मानेवरचं ओझं उतरतं. त्याखाली आणखी एक ओळ : दुसऱ्या वर्षीची मोडतोड. ५०,००० रुपयांच्या मागणीत ५,००० तरी त्यासाठी धरते.

सोबत शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला सांगितल्या आहेत. एरवी सह्यांपुरती बोलावली जाणारी ही समिती इथे उपयोगी पडते. ठरावात दोनच गोष्टी हव्यात : किल्ली सहावी-सातवीच्या मुलांकडे आळीपाळीनं राहील, आणि वापरताना मोडलेल्या वस्तूची भरपाई मुलांकडून किंवा शिक्षकांकडून घेतली जाणार नाही. बाकी यू-डायसचा अकरा अंकी क्रमांक, तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, पासबुकाची झेरॉक्स हे सगळं लागतंच. ते जमवायला डोकं लागत नाही, चिकाटी लागते.

मोडतोडीच्या ओळीवर देणारे अडतात. “म्हणजे मोडणार हे तुम्ही आधीच धरून चाललाय?” हो. वर्षभरानंतरही ज्या भिंगावर ओरखडा नाही, खुलासा त्याचा मागावा. हे मी थोडं सौम्य करून सांगते, पण सांगते.

कंपन्यांचं गणित निराळं. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारापलीकडच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. चालू प्रकल्प नसेल तर न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत सरकारनं नेमून दिलेल्या निधीत जाते. त्यामुळे फेब्रुवारी उजाडला की फोन सुरू होतात : मार्चच्या आत बिलं द्या. साहित्य येतं तेव्हा परीक्षा, मग सुट्टी, आणि खोकी फुटतात थेट जूनच्या मध्यावर. मार्चच्या पैशांतून मी फक्त टिकाऊ वस्तू मागायला लावते. चुंबक आणि ठोकळ्यांसाठी एखाद्या कुटुंबाचा ट्रस्ट बरा. त्याला तारखेची घाई नसते.

स्मार्ट टीव्ही मागणाऱ्यांना मी आधी वीजबिल दाखवायला सांगते. समग्र शिक्षा योजनेच्या निकषाप्रमाणे साठ पटाच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान २५,००० रुपये. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. खडू, किरकोळ दुरुस्ती, वीज हे सगळं उरलेल्यात बसवायचं. मग टीव्ही चालू ठेवायला पैसे कुठून येणार, ते प्रस्तावातच लिहा, नाहीतर टीव्ही मागू नका. उत्साहावर पाणी ओतणारी बाई असा माझा लौकिक आहे, तो असू दे.

वर्षअखेरी उपयोगिता प्रमाणपत्र जातं. त्यातून पैसे खर्च झाले एवढंच कळतं. त्याला मी मुलांच्या देवघेव वहीची दोन पानं जोडते. कोणी काय नेलं, कधी आणलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात ‘चुंबक पडून दोन झाले, दोन्ही चालतात’ असलं काहीतरी. एका ट्रस्टनं ती पानं वाचून दुसऱ्या वर्षी नवा अर्ज मागितलाच नाही. काय काय मोडलं त्याची यादी पाठवा म्हणाले.

मात्र गुरुजींची बदली झाली की नवे येतात, रजिस्टर बघतात आणि पहिल्याच आठवड्यात किल्ली मागून घेतात. यावर प्रस्तावात लिहिण्यासारखं मला अजून काही सुचलेलं नाही. ठरावाची एक प्रत चार्जच्या यादीला टाचून ठेवा, एवढंच सध्या सांगते.