फलाट क्रमांक २

गेल्या दिवाळीत बोनसच्या जोरावर नाशिकच्या घरी ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतला. दुकानातला माणूस भिंतीवर टांगून गेला, मी वायफायचा पासवर्ड टाकला, आईला यूट्यूबवर कीर्तन लावून दिलं आणि रात्रीच्या गाडीने पुण्याला परत. काम फत्ते! घरात इंजिनिअर मुलगा असण्याचे फायदे वगैरे वगैरे.

मग दर रविवारी फोनवर विचारायचो, "बाबा, टीव्ही काय म्हणतो?"

"एकदम झकास!"

महिन्याभराने आईनेच बिंग फोडलं. "अरे, हे रोज सातच्या बातम्यांना शेजारी जाऊन बसतात. आपल्याकडे लागतच नाहीत. तुला सांगू नको म्हणालेत."

च्यायला! मग आठवलं. पहिल्याच आठवड्यात बाबांचा फोन आला होता. मी मीटिंगमध्ये. "बाबा, सोर्स बटण दाबा, एचडीएमआय टू सिलेक्ट करा, सोप्पंय हो!" असं जरा वरच्या पट्टीतच बोललो. "बरं बरं, बघतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर टीव्हीसाठी एकही फोन नाही.

या माणसाने एसटीत तीस वर्षं काढली. वाहतूक नियंत्रक म्हणून दिवाळीच्या गर्दीत अख्खा स्टँड सांभाळला. २०१३ मध्ये नाशकात सेटटॉप बॉक्स सक्तीचा झाला, तेव्हा गल्लीतल्या निम्म्या घरांत बॉक्स जोडून दिला. आणि त्यांना मी सांगत होतो, सोप्पंय हो.

शनिवारी घरी गेलो. ठरवलं, आधी काही शिकवायचं नाही, फक्त बघायचं. बाबांनी टीव्ही लावला. समोर सिनेमांची रंगीबेरंगी पोस्टर्स. त्यांनी बॉक्सच्या रिमोटचं बटण दाबलं. बॉक्सचा दिवा लागला, पडद्यावर ढिम्म काही नाही. मग टीव्हीच्या रिमोटने बाण दाबत दाबत एचडीएमआय १ वर पोचले. 'नो सिग्नल'. बॉक्सच बिघडला असेल म्हणून त्यांनी तो बंद केला आणि एचडीएमआय २ लावून पाहिलं. 'नो सिग्नल'!

म्हणजे तिथे काही जोडलेलंच नसलं तरी 'नो सिग्नल', आणि जोडलेलं आहे पण झोपलंय, तरीही 'नो सिग्नल'. मी असला एरर मेसेज लिहिला असता तर आमच्या टेस्टरने मला फाडून खाल्लं असतं.

मग टीव्हीच्या मागे मोबाईलचा टॉर्च मारून बाबांना तिन्ही सॉकेट्स दाखवली, आणि कुठली वायर कुठे जाते तेही. बाबा मिनिटभर बघत राहिले.

"म्हणजे हे फलाट आहेत. बॉक्सची गाडी लागते दोन नंबरला, आणि मी उभा एक नंबरला."

"हो!"

"आणि गाडी डेपोतून निघालीच नसेल, तर दोन नंबरसुद्धा रिकामाच दिसणार."

बास. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणाला काही इतकं नीट समजावता आलेलं नाही.

पुढचं काम माझं. एचडीएमआयच्या वायरीतून एक उपकरण दुसऱ्याला चालू-बंद करू शकतं. या सोयीचं नाव सीईसी. पण मेनूत ते नाव शोधू नका. सॅमसंग तिला ॲनीनेट प्लस म्हणते, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. आमच्याकडे टीव्हीत ती सापडली, तर जुन्या बॉक्सलाच येत नव्हती. शेवटी दोन्ही रिमोट समोरासमोर धरले आणि टीव्हीचं पॉवर बटण बॉक्सच्या रिमोटला शिकवलं. टीव्ही चालू होताना पोस्टर्स न दाखवता आधीचाच इनपुट लागेल, असं सेटिंग केलं. एवढ्याला पाऊण तास गेला. दिवाळीतच तो दिला असता तर?

रविवारी सातला बाबांनी स्वतः बातम्या लावल्या. मधेच आईने कीर्तन लावलं. ते संपल्यावर "चला, दोन नंबर," म्हणत बाबांनी गाडी पुन्हा फलाटावर आणली.

परवा बाबांचाच फोन आला. मी मीटिंगमधून उठून बाहेर गेलो. "काय झालं बाबा? टीव्ही?"

"छे रे. शेजाऱ्यांनी नवा टीव्ही घेतलाय, त्यांच्याकडे नो सिग्नल येतंय. तो रिमोट शिकवताना आधी कुठलं बटण दाबायचं, तेवढं सांग. जाऊन येतो जरा."