कपाळावरची पट्टी

वाचकहो, धर्मगुरूने चित्रमालिकेवर लेखणी उचलावी, आणि तीही मारामारीच्या चित्रमालिकेवर, याचे आपणांस नवल वाटेल. आम्हांसही वाटते. पन्नाशी उलटलेल्या माणसाने संध्याकाळची प्रार्थना आटोपून मोबाइलवर जपानी पोरांची युद्धे पाहत बसावे, हे आमच्या सेमिनरीतील गुरुजनांस कितपत रुचले असते, याविषयी शंकाच आहे.

जपानी चित्रपटांशी आमची ओळख मात्र जुनी. १९९३ साली आम्ही सेमिनरी हिल्सवर सेंट चार्ल्स सेमिनरीत शिकत होतो. त्या वर्षी दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागे. ती बावन्न भागांची मालिका जपानमध्ये १९८९ साली तयार झाली होती, हे तेव्हा आमच्यापैकी कोणासही ठाऊक नव्हते. नाना पाटेकरांच्या आवाजात बोलणारा शेरखान आणि गुलजारांचे गीत यांमुळे ती आम्हांला अस्सल इकडचीच वाटे. शिवाय किपलिंगचे जंगल सिवनीचे, म्हणजे नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने गेल्यास आपल्या शेजारचेच! मिस्सा आटोपून वस्तीत शिकवायला गेलेलो आम्ही मोगली संपेपर्यंत पोरांची वाट पाहत दाराशी उभे राहत असू. खरे सांगायचे, तर दाराशी नव्हे. आतच बसत असू.

‘नारुतो’कडे मात्र आम्ही अशा प्रसन्न वाटेने गेलो नाही.

काही वर्षांपूर्वी एका रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात बारा वर्षांचा एक मुलगा कपाळाला निळे फडके बांधून आला. फडक्यावर डब्याच्या पत्र्याचा तुकडा शिवलेला, आणि त्यावर खिळ्याने कोरलेली पानासारखी वळणदार खूण. आम्ही सर्वांदेखत ती पट्टी सोडवून घेतली. ‘हे देवाचे घर आहे, नाटकाचा मंच नव्हे,’ असे काहीसे बोललो. मुले हसली. आम्हीही हसलो असू. पट्टी टेबलाच्या खणात गेली आणि पुढच्या रविवारपासून मुलगा वर्गात दिसेनासा झाला.

त्याचे वडील त्या सुमारास तुरुंगात होते. काही आया आपल्या मुलांना त्याच्या शेजारी बसू देत नसत, हे आमच्या कानांवर आले होते. ते आम्ही ऐकून घेतले होते. प्रवचनात त्याविषयी एक शब्दही काढला नव्हता.

महिनाभराने मिस्सेनंतर वेदीसेवकांपैकी एकजण घुटमळत राहिला. म्हणाला, “फादर, तो आमचा नारुतो आहे. पाहा ना जी तुम्ही एकदा.”

म्हणून पाहिले. मे महिन्याचे नागपूर, पारा पंचेचाळिसाला टेकलेला. धर्मग्रामाच्या सभागृहात कूलर घरघरतो आहे, सुट्टीतली चार-सहा पोरे फरशीवर पसरली आहेत आणि आम्ही खुर्चीत, हाती जपमाळ धरून, पण डोळे पडद्यावर.

मासाशी किशिमोतो या चित्रकाराने ही कथा १९९९ पासून २०१४ पर्यंत जपानी साप्ताहिकातून चित्ररूपाने लिहिली. दूरचित्रवाणीवर ती २००२ साली आली. पहिल्या पर्वाचे दोनशे वीस भाग आणि ‘शिप्पूदेन’ या दुसऱ्या पर्वाचे पाचशे, असा प्रपंच २०१७ पर्यंत चालला. आपल्याकडे पोरे ती हिंदीतून पाहतात. हिंदी आवाजांविषयी आमची तक्रार एवढीच, की पात्राचे ओठ जितका वेळ हलतात तितक्या वेळात वाक्य कोंबायचे असल्याने पुष्कळदा दम लागतो. मोठी पोरे नाक मुरडून ‘मूळ जपानीच ऐकावे’ म्हणतात. आम्हांला हसू येते. लॅटिन मिस्सा मराठीत आली तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांपैकी काहींनी असेच नाक मुरडले होते.

पहिल्याच भागाने आम्हांला गप्प केले. नारुतो हा अनाथ, खोडकर, परीक्षेत नापास होणारा मुलगा. त्याच्या जन्माच्या रात्री नऊ शेपटांच्या राक्षसी कोल्ह्याने गावावर हल्ला केला. गावच्या प्रमुखाने प्राण देऊन तो कोल्हा या तान्ह्या पोराच्या देहात कोंडला. पोराला यातले काहीच ठाऊक नाही. मोठ्या माणसांना ठाऊक आहे, आणि ती त्याला टाळतात. इरुका हा त्याचा शिक्षक. त्याचे आईबाप त्याच कोल्ह्याने मारलेले. शत्रूचे भलेमोठे चक्र पोराच्या दिशेने भिरभिरत येते, तेव्हा हाच शिक्षक आडवा पडतो आणि ते स्वतःच्या पाठीत घेतो. मग स्वतःच्या कपाळावरची पट्टी सोडून त्या नापास पोराच्या कपाळी बांधतो.

निळी पट्टी. पत्र्यावर पानाची खूण.

पोरांपैकी कोणीही आमच्याकडे वळून पाहिले नाही, एवढी त्यांची सभ्यता.

यानंतरच्या भागांत आमच्या मते सर्वांत श्रेष्ठ तो एकोणिसावा. झाबुझा नावाचा भाडोत्री मारेकरी आणि त्याने रस्त्यावरून उचलून वाढवलेला हाकू. झाबुझा त्याला हत्यार म्हणून वापरतो, आणि हाकूही त्यातच धन्यता मानतो. आपल्या धन्यावर येणारा घाव हाकू अंगावर घेऊन मरतो, तरी धन्याचा चेहरा हलत नाही. तेव्हा शत्रुपक्षातला नारुतोच त्या मेलेल्या मुलाच्या वतीने ओरडतो, आणि झाबुझा रडतो. शेवटी बर्फ पडू लागते व तो मरणोन्मुख मारेकरी स्वतःला मुलाशेजारी नेऊन ठेवायला सांगतो. पश्चात्तापावर आम्ही तीस वर्षे प्रवचने दिली. इतके थोडके शब्द आम्हांला कधी पुरले नाहीत.

पोरांचा कौल मात्र अठ्ठेचाळिसाव्या भागाला. त्यात ली हा विद्याहीन, केवळ कष्टाने तयार झालेला मुलगा पायांची वजने उतरवून वाळूवर हुकमत असलेल्या गाराशी झुंजतो. वजने जमिनीवर आदळून धूळ उडते, त्या क्षणी सभागृहात शिट्ट्या झाल्या. आम्हांला त्यापेक्षा हात-पाय चिरडल्यावर बेशुद्धीतही उभा राहणारा ली अधिक भावला. या मतभेदात वयाचा भाग असावा.

एकशे तेहतिसाव्या भागात दोघे मित्र समोरासमोर येतात. सासुके सूडापायी गाव सोडून निघालेला, नारुतो त्याला परत न्यायला आलेला. आणि तो हरतो. सासुकेची पट्टी तिथेच पडून राहते, पानावर ओरखडा असलेली. या मालिकेत गाव सोडून गेलेले कित्येक लोक पट्टी फेकून देत नाहीत. खुणेवर आडवी रेघ ओढतात आणि ती तशीच बांधून हिंडतात. आमच्या धर्मग्रामात वीस-वीस वर्षे मिस्सेला न आलेली, पण गळ्यातले पदक न काढलेली माणसे आहेत. त्यांची आठवण झाली.

यापुढे मात्र घसरण आहे. मूळ कथा पुढे सरकेना, म्हणून एकशे छत्तिसाव्या भागापासून जवळपास पर्व संपेपर्यंत पदरची कथानके जोडली आहेत. ते ऐंशीहून अधिक भाग पाहणे हे एक प्रायश्चित्तच होय. दुसऱ्या पर्वातील दोष याहून गंभीर वाटतो. पेन नावाचा शत्रू गाव उद्ध्वस्त करतो. त्याचे आईबाप याच गावच्या योद्ध्यांनी मारलेले असतात. नारुतो त्याच्यासमोर बसतो, मनात सूड असूनही त्याला मारत नाही. इथवर भव्य आहे. परंतु लगेच पेन आपला प्राण वेचून त्या हल्ल्यात मेलेल्यांना जिवंत करतो! मृत्यू असा परत करता येत असेल, तर क्षमेची किंमत ती काय उरली? हाकू परत आला नव्हता म्हणून तर झाबुझाचे रडणे खरे होते. पुनरुत्थानावर श्रद्धा असलेल्या माणसाने ही तक्रार करावी, हे काहींना विचित्र वाटेल. आमच्या मते त्यानेच ती करावी.

एवढे सारे पाहून झाल्यावर, म्हणजे फार उशिरा, आम्ही ती पट्टी घेऊन त्या मुलाच्या घरी गेलो. आजीने दार उघडले. मुलगा आता उंच झाला होता, मिसरूड फुटू लागले होते. आम्ही त्याची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. पट्टी त्याच्या डोक्याला पुरत नव्हती. त्याने ती हातात घेऊन पत्र्यावरून अंगठा फिरवला.

“रेघ नाही ना ओढली यावर, फादर?”

“नाही.”

“कुठवर पाहिलं?”

आम्ही सांगितले आणि पेनबद्दलची आमची तक्रारही मांडली. चहा निवेपर्यंत तो आमच्याशी भांडला. मेलेले परत आले ते कथाकाराच्या सोयीसाठी नव्हे, नारुतोवर विश्वास ठेवल्याची पेनने दिलेली ती किंमत होती, असे त्याचे म्हणणे. आम्हांला ते पटलेले नाही.

रविवारी तो आला नाही. बुधवारी संध्याकाळी आला, दाराशीच उभा राहिला आणि वहीचे फाडलेले एक पान आमच्या हाती देऊन निघून गेला. शिप्पूदेनच्या पाचशे भागांपैकी कोणते वगळावेत, त्याचे आकडे होते. तीन आकड्यांभोवती वर्तुळ, आणि खाली लिहिलेले : ‘हे भरतीचे आहेत, तरी पाहा.’